मुडद्यानं हलायचं नसतं

वामनरावची आणि माझी मैत्री ज्या प्रश्नावर जमली, त्याच प्रश्नावर ती तुटली. पडद्यावर आजवर सगळ्यात मोठं काम कोणत्या नटानं केलं, हा तो प्रश्न. नट्यांच्या बाबतीत आमचं कधी वाजलं नाही, तिथं आमचं आश्चर्य वाटावं इतकं एकमत होतं. भांडण फक्त पुरुषांवरून.

आम्ही कॉलेजात होतो तेव्हापासूनचं हे. तो नागपूरजवळच्या खापा गावचा, संत्र्याच्या बागाईतदाराचा मुलगा, नागपुरात होस्टेलवर राहायचा. मी इथलाच. सीताबर्डीच्या टॉकीजमधून सिनेमा पाहून निघालो की आमच्या घरापर्यंत भांडत यायचो आणि माझी आई, बायजाबाई, दोघांच्या ताटात भाकर वाढून म्हणायची, "आता तोंडाले दुसरं काम द्या."

माझा नट एका जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमातला. त्याला तार येते, पोरगा गेल्याची. तो तार वाचतो, घडी घालतो, खिशात ठेवतो आणि समोरच्याला विचारतो, "चहा घेता का?" बस, एवढंच. मी तो सिनेमा पाहून आलो त्या रात्री जेवलो नव्हतो.

वामनरावचा नट मेलेल्या भावाला मिठी मारून नांगरलेल्या वावरात लोळतो. कपाळाला माती, तोंडात माती, आणि आवाज असा की टॉकीजबाहेरचा सायकलवाला आत डोकावायचा. माझं म्हणणं, तो नट रीळ संपलं म्हणून थांबला, नाही तर अजून रडला असता. वामनरावचं म्हणणं, "आणि तुह्या नटाले पोरगा गेल्याचं समजलं का नाही, हेच मले समजलं नाही बे. चहाची तलफ आलेला मानूस आहे तो."

दोघांची नावं मी लिहीत नाही. लिहिली की वाचणाऱ्यांतही दोन तट पडतील, आणि मला आयुष्यभर हा एकच तंटा झेपलेला नाही.

पुढे वामनराव बागा सांभाळायला खाप्याला परतला आणि मी रामदासपेठेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल झालो. भांडण चालूच राहिलं, आधी पोस्टकार्डावर आणि मग फोनवर. माझी आई गेली तेव्हा तो पहिल्या एसटीनं आला आणि आम्हा सगळ्या भावंडांपेक्षा मोठ्यानं रडला. आम्हा बौद्धांत मयतीला त्रिशरण-पंचशील म्हणतात. तोही हात जोडून उभा राहिला आणि सगळ्यांच्या मागोमाग पाली म्हणू लागला. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही. चौथ्यापर्यंत आला आणि पाचव्याला ओठ मिटून घेतले. पाचवं शील दारूचं. मी नंतर विचारलं तर म्हणाला, "जे पाळनं होत नाही, ते मायच्या समोर काहून बोलू? खोटं होईल नं."

हे लक्षात ठेवावं. मी स्वतः ते विसरलो होतो आणि त्यामुळं पुढं महिनोन्‌महिने उगाच तळमळत राहिलो.

तर तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या वाचनालयानं मला भाषणाला बोलावलं. विषय, चित्रपटातील सर्वश्रेष्ठ पुरुष अभिनय. मी जन्मात कधी भाषण केलं नव्हतं. नाही म्हणायलाही धीर लागतो, तोही नव्हता. म्हणून हो म्हटलं. भाषण अक्षर न् अक्षर लिहून काढलं. वामनराव खास खाप्याहून आला, सोबत संत्र्यांची पिशवी, आणि पहिल्या रांगेत बसला. म्हणाला, "घाबरू नको, माह्याकडे पाहून वाच."

मी त्याच्याकडे पाहून वाचलं. मधे एक वाक्य आलं: "ज्या नटाला काहीच येत नाही, तो रडतो." घरी एकट्यानं लिहिताना माझ्यासारख्या भित्र्या माणसाला कधीकधी फार धीर येतो, त्या धीरातलं ते वाक्य होतं. आता ते कागदावर होतं आणि वामनराव समोर होता.

तो उभा राहिला. "तुह्या मायच्या मयतीत मी रडलो, तवा मले काही येत नव्हतं काय?"

मी पुढचं वाक्य वाचलं. दुसरं काय करावं ते सुचलंच नाही. वामनराव निघून गेला. दारापर्यंत जाऊन परत आला, खुर्चीखालची संत्र्यांची पिशवी उचलली, आणि मग खराखुरा गेला.

त्यानंतर फोन नाही. मी रोज फोन हातात घ्यायचो, त्याचं नाव काढायचो, आणि ठेवून द्यायचो. आमच्या पंचफुलाबाई, म्हणजे माझी पत्नी, हे सगळं भाजी निवडता निवडता पाहायच्या.

"लावा नं."

"तो लावेल."

"तो बी तिकडे हेच म्हनत असन. दोघंही तसेच जासान एक दिवस. मंग लावा वरून."

इतकं स्पष्ट बोलणाऱ्या बाईशी माझा संसार कसा झाला, हे मला अजून उलगडलेलं नाही.

नंदिनी ही आमची नात. ती सिनेमा शिकते. तिनं स्पर्धेसाठी एक छोटा सिनेमा लिहिला: एका म्हाताऱ्याची अंत्ययात्रा निघते आणि त्याच्या मुलाला रडूच येत नाही. मुलाच्या कामासाठी तिला नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्ट गोडाउनमध्ये कारकुनी करणारा धर्मेंद्र नावाचा तरुण मिळाला. नावातच सिनेमा होता. त्याला खरोखरच रडू येत नव्हतं, त्यामुळं सुरुवातीला नंदिनी खूष होती. पण शेवटच्या प्रसंगात मुलगा अखेर रडतो असं होतं आणि धर्मेंद्र तिथंही तसाच कोरडा उभा राहायचा, जसा ट्रकमधली पोती मोजतोय.

मुडद्याच्या कामासाठीही वाडीतलाच एक माणूस ठरला होता. शूटिंगच्या दोन दिवस आधी त्याच्या बायकोला कळलं. ती तालमीत येऊन उभी राहिली. "जित्त्या नवऱ्याले तिरडीवर निजवून राहिले काय वं माय?" असं म्हणून तिनं मुडद्याला दंडाला धरून घरी नेलं.

नंदिनी माझ्याकडे आली. "आबा, तुम्हीच करा. काहीच करायचं नाहीये. नुसतं पडायचं."

"मला जमेल का गं?"

आतून पंचफुला म्हणाली, "जमन नाही तं काय. लग्न झाल्यापासून तेच करून राहिले."

मी विचारलं, "कुठं आहे शूटिंग?"

"खाप्याला. नदीचा घाट हवाय मला, आणि मधे बाजार."

खाप्याच्या बाजारात वामनरावचं रोजचं येणं. त्याला फोन करायला मला धीर नव्हता. पण मुडदा म्हणून गावात शिरायला धीर लागत नाही, चार माणसं उचलून नेतात. तो दिसेल, निदान त्याचा आवाज कानावर पडेल, असं वाटलं, आणि लगेच दुसऱ्या क्षणी, तो दिसू नये असंही वाटलं. मी हो म्हटलं.

मी तयारी केली. माझ्याकडच्या अभिनयावरच्या सगळ्या पुस्तकांत मुडद्यावर काही नव्हतं. मग दिवाणावर पडून सराव केला. श्वास छातीत नाही, पोटात घ्यायचा, बुबुळं हलू द्यायची नाहीत. पंचफुला माझ्या भोवतीनं केर काढत असे. एकदा शेजारच्या बाई साखर मागायला आल्या आणि दारातूनच किंचाळल्या. मला त्या दिवशी मनातल्या मनात फार बरं वाटलं.

खाप्याला नंदिनीनं एक युक्ती केली होती. लोकांनी कॅमेऱ्याकडे टकमक पाहू नये म्हणून कॅमेरा एका कापडाच्या दुकानाच्या गच्चीवर लपवला होता. परवानगी घेतलेली होती, पण बाजारातल्या माणसांना काही सांगितलं नव्हतं. मला तिरडीवर निजवलं, वर पांढरं कापड, कपाळाला गुलाल, तोंडात तुळशीचं पान, गळ्यात झेंडूचे हार. कथेतला म्हातारा हिंदू होता. मी जन्मानं बौद्ध, गुलाल आयुष्यात पहिल्यांदा कपाळाला लागला. जरा अवघडल्यासारखं झालं, पण म्हटलं, अभिनय आहे.

नंदिनीनं कानात सांगितलं, "काही झालं तरी हलायचं नाही, आबा. मी कट म्हणेपर्यंत तुम्ही मेलेले आहात. ऊन उतरायला लागलंय, दुसऱ्यांदा करायला प्रकाश नाही मिळणार."

यात्रा निघाली. पुढे धर्मेंद्र हातात मडकं घेऊन, मागं चौघांच्या खांद्यावर मी. "राम नाम सत्य है."

बाजारात शिरलो तसा आवाज बदलला. शटर अर्धी खाली येऊ लागली. कुणीतरी गाणं बंद केलं. एक म्हातारी म्हणाली, "चांगला मानूस दिसते बिचारा." अनोळखी माणसानं माझ्याबद्दल इतकं चांगलं मत जिवंतपणी कधी दिलेलं नव्हतं. मी आणखी थोडा चांगला दिसायचा प्रयत्न केला.

आपल्याकडे रस्त्यानं तिरडी जाताना दिसली की ओळख असो नसो, चार पावलं खांदा द्यायचा. नंदिनी शहरात वाढलेली, हे तिच्या हिशेबात नव्हतं. भाड्यानं आणलेले खांदेकरी थकलेच होते. बाजारातली माणसं पुढं आली तशी त्यांनी आनंदानं जागा दिली. खांद्यांची उंची बदलली की मी एकदा डोक्याकडे कलायचो, एकदा पायांकडे. तेवढ्यात उजव्या पायाशी नवा खांदा लागला आणि आवाज आला.

"कोन गेलं गा?"

तो आवाज मी हजार माणसांत ओळखला असता.

भाड्याचा खांदेकरी म्हणाला, "काय माहीत. त्या पोराचा बाप हाय."

"कोन्या गावचा?"

"नागपूरचा म्हनते."

"नागपूरचा अन् इकडे काहून?" असं म्हणत वामनरावनं मान वळवून वर पाहिलं असावं. कारण उजवा पाय एकदम खाली गेला आणि मी तिरडीवरून घसरता घसरता राहिलो.

"ठेवा. ठेवा खाली!"

"अहो काका, मधे ठेवता येत नाही..."

"ठेव म्हनतो नं बे!"

तिरडी भर बाजारात रस्त्यावर टेकली. माझ्या तोंडावर त्याची सावली आली. वामनराव आणि गप्प, हे मी प्रथमच ऐकत होतो.

मग म्हणाला, "प्रेमानंद?"

मी मेलेलाच होतो.

"अबे प्रेमानंद." आणि एकदम धर्मेंद्रकडे वळून, "तू कोन?"

धर्मेंद्र भूमिकेत होता. नंदिनीनं त्यालाही बजावलं होतं. तो म्हणाला, "मुलगा."

"कोनाचा?"

"यांचा."

"याले पोरगा कुठचा? दोन पोरी आहेत याले! दोघींच्या लग्नात वाढलं मी!" फाडकन थपडेचा आवाज आला. मडकं फुटलं. आणि जो धर्मेंद्र तीन आठवडे रडत नव्हता, तो बाजाराच्या मधोमध भोकाड पसरून रडू लागला.

वरच्या गच्चीवरून कट आला नाही. नंदिनी वामनआजोबांना लहानपणापासून ओळखते. तिनं वरून सगळं पाहिलं होतं, आणि कट म्हटलं नाही. ती पुढे मोठी दिग्दर्शक होईल, असं मला त्याच क्षणी वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

"अन् हे काय लावलं याले?" वामनराव आता सगळ्या बाजाराला विचारत होता. "बौद्ध मानूस आहे हा! याच्या घरी गुलाल नाही, तुळस नाही. कोन घातली ही?" त्यानं माझ्या तोंडातलं पान दोन बोटांनी काढलं. आपल्या उपरण्यानं माझं कपाळ पुसू लागला, इतक्या जोरानं की माझं डोकं या अंगावरून त्या अंगावर जात होतं. मुडद्याचं डोकं हलतं का, हलवल्यास किती हलतं, हे मी कुठंच वाचलेलं नव्हतं. मी आपलं सैल सोडलं.

मग तो माझ्या उशाशी मांडी घालून बसला आणि रडायला लागला.

ते रडणं मी काय वर्णन करू? कपाळ माझ्या छातीवर आपटत होता, मधेच नाक उपरण्याला पुसत होता, मधेच शिव्या देत होता. "फोन नाही केला बे तू. दोन वर्षं झाले. रोज बसलो मी फोन घेऊन, आज करन, उद्या करन. मले वाटलं लाजून राहिला. तू तं मरूनच गेला." मग हळू आवाजात, फक्त मला म्हणून, "जा, तू बरोबर होता. तुहा तो तारवाला मोठा. माहा नट लहान. मानलं मी. आता ऊठ."

ज्या एका वाक्यासाठी मी तरुणपणापासून भांडलो, ते वाक्य मला मिळालं होतं आणि मला "काय म्हणालास?" एवढंही विचारता येत नव्हतं. डोळे उघडावे असं वाटलं. पण उघडले तर नंदिनीचा प्रकाश जाणार. शिवाय, खरं सांगायचं तर, दोन वर्षांनी तो माझ्याजवळ बसला होता. मी उठलो की तोही उठेल, ही भीती नंदिनीच्या प्रकाशापेक्षा मोठी होती.

तो गुडघ्यावर बसला, हात जोडले आणि त्रिशरण म्हणू लागला. आईच्या मयतीनंतर बहुधा पहिल्यांदाच म्हणत होता. पाली उच्चार सगळे खाप्याचे. मग पंचशील. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथंही म्हणाला.

आणि मग काहीच नाही. तो थांबला. पुढचं तसंच राहिलं.

माझ्या बंद डोळ्यांमागं आई उभी राहिली, भाकर वाढताना. आणि मुडद्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी निघालं, गालावरून कानात गेलं.

"अबे, मुडदा रडून राहिला!" कुणीतरी ओरडलं.

बाजार पळाला. चपला राहिल्या, पिशव्या राहिल्या, एक सायकल पडली. धर्मेंद्रही पळाला. फक्त वामनराव हलला नाही. त्यानं कान माझ्या नाकापाशी आणला.

"प्रेमानंद? जित्ता आहे काय बे?"

मी ओठ न हलवता कुजबुजलो, "तिनं अजून कट म्हटलं नाही."

वामनराव हळूहळू ताठ झाला. त्यानं वर पाहिलं. गच्ची, कॅमेरा, कॅमेऱ्यामागं नंदिनी. तेव्हा कुठं वरून आवाज आला, "कट!"

मी डोळे उघडले. अर्ध्या शटरांखालून, दुकानांच्या फळ्यांमागून अख्खं खापा आमच्याकडे पाहत होतं. ज्या गावात वामनरावचं नाव आहे, चार माणसं ज्याचा सल्ला घेतात, ते सगळं गाव. वामनरावनं ते पाहिलं. उठला, गुडघ्यांची धूळ झटकली, उपरणं खांद्यावर टाकलं आणि मोठ्यानं म्हणाला, "कसं झालं पोरी? पुन्हा घ्या लागते काय?"

सगळीकडे कुजबुज.

"काय पाहून राहिले? शूटिंग होतं, शूटिंग! मले काय माहीत नव्हतं? मी होतो नं याच्यात. रडनं कसं असते, ते पाहून घ्या." मग धर्मेंद्रला शोधून, "अन् तुले दिली ते बी ॲक्टिंगच होती बरं."

धर्मेंद्र गाल चोळत म्हणाला, "काका, जोरात होती."

शेवटी माझ्याकडे न पाहता म्हणाला, "अन् मी तुले जे म्हटलं, तू बरोबर अन् तुहा तारवाला मोठा, तो डायलॉग होता. उगाच मनावर घेऊ नको." मोटारसायकल लाथेनं सुरू केली आणि गेला.

इथून माझे हाल सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. दोन वर्षांनी! मी इतक्या घाईनं उचलला की चष्मा पडला. तो म्हणाला, "माहा सीन ठेवला काय पोरीनं?" मी म्हटलं, ठेवला. "पूर्ण?" पूर्ण. "बरं." आणि ठेवून दिला. मग रोज फोन. सिनेमातल्या पाटीवर नाव येईल का, किती मोठं येईल, आवाज नीट आला का. मैत्रीचं अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही. विचारणार काय? माझ्या मरणावर तू खरंच रडलास का, असं कुणाला विचारतात?

मला दोन्ही बाजूंनी झोप येईना. तो खरं रडला असेल, तर माझ्यासारख्या माणसासाठी कुणी इतकं रडावं असं मी काय केलं होतं? आणि तो खोटं रडला असेल, तर पडद्यावरचं सगळ्यात मोठं काम खाप्याच्या बाजारात, माझ्या छातीवर झालं होतं आणि मी डोळे मिटून पडलो होतो.

पंचफुलाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही मेले असते, तरी हेच विचारत बसले असते."

स्पर्धेचे सिनेमे रामदासपेठेतल्या एका छोट्या सभागृहात दाखवले. वामनराव नवा कोट घालून, संत्र्यांची पिशवी घेऊन, पत्नी गोपिकाबाईंसह आला. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, पण तो पलीकडच्या खुर्चीत बसला आणि मधे गोपिकाबाईंना बसवलं. अंधार झाला तशा त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "भाऊजी, यायले ॲक्टिंग? घरी पाव्हने आले तं झोपल्याचं सोंग बी जमत नाही. डोळे मिचकावते."

सिनेमा सुरू झाला. मी स्वतःला प्रथमच पाहत होतो. वाईट नव्हतो. नंदिनीनं माझा अश्रू कापला होता. "एवढंच चुकलं तुमचं, आबा," ती आधीच म्हणाली होती, "मुडदा रडत नाही." धर्मेंद्रचं रडणं तिनं ठेवलं होतं, थप्पड कापली होती. मग पडद्यावर वामनराव मांडी घालून बसला, रडला, हात जोडले. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. ओठ मिटले. कॅमेरा त्या मिटलेल्या ओठांवर बराच वेळ थांबला.



आणि खुर्चीत बसल्या बसल्या मला आठवलं. आईच्या मयतीत तो असाच थांबला होता. जे पाळणं होत नाही, ते मेलेल्या माणसासमोर बोलायचं नाही. अभिनय करणाऱ्याला पाचव्या शीलाची काय भीती? सोंगातल्या शपथेला दारूची बाटली अडवत नाही, त्यानं पाचही घडाघडा म्हटली असती. वामनराव चौथ्यापाशी थांबला, कारण त्याच्यासमोर मी खरोखर मेलो होतो.

मी गोपिकाबाईंच्या डोक्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्यावरच्या स्वतःकडे तोंड उघडं टाकून पाहत होता.

सर्वोत्कृष्ट पुरुष अभिनयाचं बक्षीस वामनरावला मिळालं. परीक्षक पुण्याहून आले होते, दाढीवाले, हळू बोलणारे. ते म्हणाले, "आधीचं रडणं ठीक आहे, तसं रडणारे पुष्कळ आहेत. पण चौथ्या शीलानंतरचा तो विराम! तो संयम! काहीच न करणं हा अभिनयाचा कळस असतो, हे आज एका नवख्या नटानं दाखवलं."

आयुष्यभर मी वामनरावला हेच सांगत आलो होतो, आणि बक्षीस मात्र त्याला मिळालं होतं.

वामनराव मंचावर गेला. बक्षिसाची ढाल छातीशी धरली. "मी लांबूनच ओळखलं होतं, शूटिंग आहे म्हनून," तो म्हणाला. "पहिलेच ठरवलं, आधी मोठ्यानं रडाचं अन् मंग एकदम गप्प व्हाचं. तो जो विराम का काय म्हटलं सायबानं, तो मी मुद्दाम घेतला." टाळ्या पडल्या. चौथं शील म्हणालेला माणूस चौथं शील मोडत होता, आणि त्याचे कान टोकापर्यंत लाल झाले होते. गोपिकाबाई म्हणाल्या, "पाहा, मिचकावले."

कार्यक्रम संपल्यावर आम्ही बाहेर फुटपाथवरच्या टपरीपाशी आलो. पंचफुला आणि गोपिकाबाई नंदिनीभोवती होत्या. वामनरावनं ढाल बगलेत धरली होती. दोन वर्षांत प्रथमच आम्ही दोघंच होतो.

"मंग?" तो दुसरीकडे पाहत म्हणाला. "आता सांग. कोन मोठा? तुहा तारवाला, का रडनारा?"

माझ्याजवळ प्रश्न तयार होता. पाचवं शील काहून नाही म्हटलं, वामनराव? एवढंच विचारायचं. नेमका, पुराव्यासकट प्रश्न, जसे मी आयुष्यभर विचारत आलो. विचारला असता तर वामनराव पकडला गेला असता. तो प्रश्न ओठापर्यंत आला. त्याच्या हातातल्या ढालीला अजून दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. माझा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला, खिसा रिकामाच होता.

"रडणारा मोठा," मी म्हटलं. "चहा घेतो का?"

त्यानं एकदम माझ्याकडे पाहिलं. खिशावरच्या हाताकडे पाहिलं. मग बराच वेळ तोंडाकडे.

"थांब थांब. खिशात काय घातलं बे?"

"काही नाही."

"हे तं त्या तारवाल्याचं करून राहिला तू. काहीतरी लपवलं."

"काही नाही रे. चहा सांगतो."

मी टपरीवाल्याकडे वळलो. मागून वामनरावनं ढाल एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली, पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं माझ्या हातात कोंबलं.

"जमलं नाही तुले," तो म्हणाला. "लय ओव्हर झालं."